शब्दकोडे : खेळ की जुगार?

फुरसतीचे पान

मागच्या महिन्यात या पानावर आम्ही वाचकांना स्वतः रचलेली शब्दकोड्याची शोधसूत्रे पाठवायला सांगितले होते. टपाल बरेच आले. त्यात एका भगिनीचे पत्र मात्र निराळे होते. त्या लिहितात, "आमचे सासरे सकाळी वर्तमानपत्र आले की शब्दकोडे घेऊन बसतात. आता माझा मुलगाही त्यांच्याजवळ बसू लागला आहे. जाऊबाईंचे म्हणणे, हा जुगाराचाच प्रकार आहे, घरात नको. सासऱ्यांना कोण सांगणार? तुम्ही दर महिन्याला या कोड्यांबद्दल लिहिता, म्हणून तुम्हालाच विचारते. मुलाला उठवू की बसू देऊ?"

पत्र वाचून आम्हाला हसू आले नाही. कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा फार महाग पडला होता. म्हणून या वेळी सूत्रांचे परीक्षण थोडे मागे ठेवतो आणि आधी ती हकिकत सांगतो.

आमचे अब्बा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणाऱ्या गोण्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, हे त्यांचे काम. हिशेबाला पक्के आणि उर्दू-फारसीचे शौकीन. सन 1950 च्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. इंग्रजीत होती, उर्दूत होती. उर्दूत त्यांना 'मुअम्मा' म्हणत. दिल्लीच्या 'शमा' मासिकाचा अदबी मुअम्मा तर घराघरात माहीत होता. अब्बा भरत तो मुअम्मा दुसऱ्याच एका ठिकाणचा. त्याचे नाव आता घेऊन उपयोग नाही.

रीत अशी की कोडे छापून यायचे. शेजारी एकेका शब्दासाठी एक वाक्य असायचे. सोपी घरे कोणीही भरावीत. पण आठ-दहा घरे अशी असायची की त्यांत दोन अक्षरांपैकी कोणतेही चालावे. प्रत्येक प्रवेशिकेला चार आणे फी. खरे उत्तर आधीच लिफाफ्यात बंद करून ठेवलेले. सगळी घरे जुळली की हजारोंचे बक्षीस, एक चूक असली तरी बऱ्यापैकी रक्कम.

आता हिशेब बघा. एका घराला दोन पर्याय असतील, तर दोन प्रवेशिका पुरतात. दोन घरांना चार, तीन घरांना आठ. आठ घरांना दोनशे छप्पन्न होतात आणि दहा घरांना एक हजार चोवीस. गोण्या मोजणाऱ्या अब्बांना हे गणित कळत होते. तरी शेवटच्या खेपेला त्यांनी दहापैकी आठ घरांचे दोन्ही पर्याय धरून दोनशे छप्पन्न प्रवेशिका भरल्या आणि उरलेल्या दोन घरांत आपल्या अकलेवर भरवसा ठेवला. फी झाली चौसष्ट रुपये. त्यासाठी अम्मीच्या दोन बांगड्या सराफाकडे गहाण पडल्या.

त्या दोन घरांतले एक आम्हाला आजही आठवते. 'तरुण माणूस हे सहज गमावून बसतो' अशा अर्थाचे वाक्य होते. पहिले अक्षर दाल दिलेले. दुसऱ्या घरात लाम घातला तर 'दिल', नून घातला तर 'दिन'. अब्बांनी 'दिल' लिहिले. लिफाफ्यातून निघाले 'दिन'. दुसरे घरही चुकले. एका चुकीपर्यंत बक्षीस होते, दोन चुकांना काही नव्हते. बांगड्या सुटल्या नाहीत.

आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. पैसे गेल्यापेक्षा अब्बांना एक गोष्ट जास्त लागली होती, हे आम्हाला पुढे कळले. ते ज्याला त्याला विचारत, "दिन का? दिल का नाही?" याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. असणारही नव्हते. दोन्ही शब्द सारखेच बसत होते. लिफाफा बंद करणाऱ्याला त्या दिवशी जे वाटले ते खरे. त्या दिवसापासून आमच्या घरात चौकोन आखलेला कागद दिसता कामा नये असा हुकूम झाला. शाळेतल्या चौकटीच्या वहीवरही अम्मीची नजर असे.

हे एकट्या अब्बांचेच झाले नाही. प्रकरण इतके वाढले की मुंबई राज्याने 1948 साली लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रणाचा व कराचा कायदा केला, आणि 1955 साली संसदेने बक्षीस स्पर्धांसाठी वेगळा कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस ठेवायला त्याने मनाई केली आणि त्याखालच्या स्पर्धांना परवाना लागू केला. 1957 साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार म्हणून राज्यघटनेचे संरक्षण मागू शकत नाही. त्याचबरोबर हेही सांगितले की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती निराळी, आणि हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांसाठी आहे. म्हणजे शब्दकोडे हे नाव दोषी ठरले नाही. आत नशीब आहे की अक्कल, हे पाहिले गेले.

आता ज्या कोड्यांबद्दल आम्ही या पानावर लिहितो ती कुठून आली ते थोडे सांगू.

पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी अमेरिकेत 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात छापले गेले. रचणारे आर्थर विन हे मूळचे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. आकार चौकोनी नव्हता, शंकरपाळ्यासारखा होता. ते साधे कोडे होते. अर्थ द्यायचा, शब्द ओळखायचा. हे कोडे इंग्लंडात गेले आणि तिथल्या लोकांनी त्याला वळण दिले. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 1926 पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स हे गृहस्थ कोडी रचू लागले. त्यांच्या सूत्रात सरळ अर्थाच्या जोडीला अक्षरांचा खेळ असे. यालाच पुढे क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडे म्हणू लागले. लंडनच्या 'टाइम्स'ने 1 फेब्रुवारी 1930 पासून कोडे सुरू केले. ते रचले एड्रियन बेल या शेती करणाऱ्या लेखकाने, ज्याने तोवर एकही कोडे रचले नव्हते. पुढे त्याने सुमारे पाच हजार रचली.

मॅथर्स यांनी टोपणनाव घेतले होते 'टॉर्केमादा'. 1939 साली ते वारले आणि त्यांच्या जागी आलेल्या मॅकनट या शिक्षकाने नाव घेतले 'झिमेनीज'. त्यांच्यानंतर 1972 पासून आलेल्या रचनाकाराने 'एझेड' हे नाव घेतले, जे 'डेझा' हे नाव इंग्रजीत उलटे लिहून होते. ही तिन्ही नावे स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची. सोडवणाऱ्याचा छळ करतो, म्हणून छळवाद्याचे नाव, असा तो विनोद. इंग्रज वाचक हसून पुढे जातो. आम्ही मात्र पहिल्यांदा हे वाचले तेव्हा थांबलो. हाच तो कार्डिनल झिमेनीज, जो 1499 साली ग्रॅनाडात आला, ज्याने तिथल्या मुसलमानांना बळाने धर्म बदलायला लावला आणि अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाची पुस्तके तेवढी वगळली. विनोदाच्या पाठीमागे केवढी राख आहे, हे सोडवणाऱ्याला ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे.

पण गंमत अशी की टॉर्केमादा नाव घेणाऱ्या याच मॅथर्सनी अलिफ-लैलाच्या हजार आणि एक रात्री फ्रेंचवरून इंग्रजीत आणल्या. आणि या खेळाला ज्याने इमानदारीचा नियम घालून दिला त्या रचनाकाराचे टोपणनाव होते 'अफ्रित', म्हणजे आपल्या गोष्टींतला इफ्रीत जिन्न! खरे नाव ए. एफ. रिची. त्यातली सुरुवातीची अक्षरे घेतली की अफ्रित होतो. 1949 साली त्याने जो नियम लिहिला तो आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सूत्र वाचून तुम्हाला भलताच अर्थ वाटला तरी चालेल, रचनाकाराला तशी मुभा आहे. पण खरे उत्तर काढायला लागणारे सगळे त्या वाक्यात लिहिलेले असलेच पाहिजे. चकवायला हरकत नाही, लपवाछपवी मात्र नको.

म्हणून चांगल्या क्रिप्टिक सूत्रात उत्तराला दोन पुरावे असतात. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा साधा अर्थ असतो. उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून निघते. कंसात अक्षरसंख्या असते. दोन्ही वाटा एकाच शब्दावर आल्या की उत्तर पक्के. दोन साक्षीदारांची जबानी जुळावी तसे. दिल की दिन, असा प्रश्न तिथे उरतच नाही.

इंग्रजीतले एक प्रसिद्ध सूत्र बघा. एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ अशी ओळीने अक्षरे दिली आहेत, उत्तर पाच अक्षरांचे. एच पासून ओ पर्यंत, म्हणजे इंग्रजीत 'एच टू ओ'. उत्तर वॉटर, पाणी! आपल्याकडेही हा छंद जुना आहे. चेन्नईच्या 'द हिंदू' दैनिकासाठी शब्दकोडी रचणाऱ्यांत देशाचे पहिले भारतीय नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे होते. आणि खुद्द इंग्लंडात 1942 च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यातल्या काही जणांना सरकारने बोलावून ब्लेचली पार्कात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामाला लावले.

आता आमच्या हकिकतीकडे परत येऊ. 1970 नंतर आम्ही मुंबईत एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. कुर्ल्याहून लोकलने जाताना आमचे हेडक्लार्क रोज इंग्रजी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाची घडी घालून पेन्सिल चालवत. महिनाभर आम्ही नुसते बघत होतो. एक दिवस त्यांनीच पेन्सिल हातात दिली. घरची बंदी आठवली, पण घर लांब होते. दोन वर्षांत आम्ही चांगले तयार झालो.

एका सुट्टीच्या दिवशी अब्बांच्या हाती आमच्या पिशवीतली ती घडी लागली. त्यांचा चेहरा उतरला. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, तूसुद्धा?"

"अब्बा, याला फी नाही," आम्ही म्हणालो.

"फी आज नसेल. उद्या लागेल."

"बक्षीसही नाही. उत्तर उद्याच्या अंकात येतं. माझं चुकलं तर का चुकलं, ते मलाच समजतं."

"का चुकलं ते समजतं?" अब्बांनी हाच शब्द धरला. "कसं समजतं? दाखव."

इंग्रजी कोडे त्यांना दाखवून उपयोग नव्हता. म्हणून आम्ही आठवडाभर डोके खाजवून एक मराठी सूत्र तयार केले आणि पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर त्यांच्यापुढे ठेवले. 'खबर उलटसुलट झाली, जुना इतिहास हाती आला (३)'.

अब्बांनी चष्मा लावला. "तीन अक्षरं. जुना इतिहास. खबर उलटसुलट..." मग बोटाने हवेतच ख, ब, र ही अक्षरे हलवली. "बखर!"

"का?"

"का म्हणजे? जुना इतिहास म्हणजे बखर. आणि खबरमधली अक्षरं बदलली की बखरच होते. दुसरं काही होऊच शकत नाही." एवढे बोलून ते एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे सिद्ध होतं."

आम्हाला तेव्हा माहीत नव्हते, पण बखर हा मराठी शब्द मुळात अरबी 'खबर'मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊनच आला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ते कोडे आमच्या आधी भाषेनेच घातलेले होते.

मग अब्बा बोलत सुटले. खरा मुअम्मा हा असाच असतो म्हणाले. फारसी शायर एखाद्या शेरात कोणाचे नाव लपवत. एक अक्षर गाळायचे, एक बदलायचे, कुठे अबजदचा हिशेब लावायचा, की नाव बाहेर. अबजद म्हणजे अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, असे करत ये चे दहा, काफचे वीस. 786 हा आकडा याच हिशेबाने येतो, आणि इमारतींवरच्या तारखाही याच हिशेबाने शेरात बसवत. हेरातच्या मौलाना जामींनी मुअम्म्याच्या कलेवर रिसाले लिहिले आहेत. "आणि आम्ही मुअम्मा कशाला म्हणत होतो?" अब्बा म्हणाले. पुढचे बोलले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी रेशनच्या पावतीमागे लिहिलेले एक सूत्र आमच्या हातात दिले. 'उजवीकडून लावा की डावीकडून, जखमेला गुण तोच (३)'. अम्मी शेजारीच तांदूळ निवडत होत्या. आमच्या आधी त्याच म्हणाल्या, "मलम." अब्बांनी मान हलवली. अम्मी म्हणाल्या, "वीस वर्षं लागली तुम्हाला हे सुचायला." अब्बा खाली बघत राहिले, आणि मग तिघेही हसलो. बांगड्यांचा विषय आमच्या घरात निघाला तो तेवढाच.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आता उत्तर देतो. फतवा देणे आमचे काम नाही. शंका राहिली तर आलिमांना विचारावे. मैसिर, म्हणजे जुगार, कुरआनने मना केला आहे, त्यात दुमत नाही. पण समोरचा कागद जुगार आहे की नाही हे ओळखायला आम्ही अब्बांच्या अनुभवातून तीन प्रश्न शिकलो. खेळायला पैसे भरावे लागतात का? जिंकणाऱ्याला मिळणारे पैसे हरणाऱ्यांच्या खिशातून येतात का? आणि उत्तर असेच का, याला कारण आहे का? तुमच्या सासऱ्यांच्या वर्तमानपत्रातल्या कोड्यात पहिल्या दोन्हींना 'नाही' आणि तिसऱ्याला 'होय' असे उत्तर आहे. मुलाला बसू द्या. हेच प्रश्न त्याच्या मोबाईलमधल्या खेळांनाही लावायला शिकवा. 'पैसे भरा, शब्द ओळखा, लाख जिंका' असे काही दिसले तर तो जुना लिफाफाच आहे, फक्त आता काचेमागे गेला आहे.

एक अट मात्र घाला. कोड्याला वेळ ठरलेला असावा. आमच्याकडे असरची अजान झाली की पेन खाली, अर्धे राहिले तर अर्धे. आणि कोडी सोडवल्याने म्हातारपणी विसरायला होत नाही, अशी हमी आम्ही देणार नाही. आजोबा आणि नातू अर्धा तास एका कागदावर डोके घालून बसतात, हाच फायदा पुरेसा आहे.

आता वाचकांच्या सूत्रांचे परीक्षण. आम्ही सूत्र तपासताना चार गोष्टी बघतो. अर्थ नेमका आहे का? अक्षरांचा खेळ बिनचूक आहे का? एखादा शब्द उगाच घुसला आहे का? आणि वाक्य बोलण्यातले वाटते का? मराठीत एका चौकोनात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर जाते, जोडाक्षरही एकच धरतो. अक्षरे हलवताना काना-मात्रा त्या त्या अक्षराबरोबरच राहते.

मिरजेच्या एका भगिनीचे सूत्र : 'घराणे : पुढे पठाण, मागे खैरात (४)'. उत्तर खानदान. पठाण म्हणजे खान, खैरात म्हणजे दान, दोन्ही जोडले की घराणे. हिशेब चोख आहे, पण वाक्य वाण्याच्या यादीसारखे झाले. आम्ही असे लिहू : 'पठाणामागे खैरात चालते, असे घराणे (४)'. खेळ तोच राहतो आणि डोळ्यांपुढे चित्र उभे राहते.

चिपळूणचे एक निवृत्त एस. टी. कंडक्टर लिहितात : 'गरिबाचे दिवस उलटले की पूर येतो (२)'. उत्तर त्यांनी दिले आहे नदी. दीन म्हणजे गरीब, तो उलटला की नदी, ही कल्पना फार चांगली. पण दोन दोष आहेत. पूर म्हणजे नदी नव्हे, पूर नदीला येतो. आणि 'दिवस' हा शब्द वाक्याला शोभा देतो, कामाचा नाही. काम न करणारा शब्द म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी, हे कंडक्टर साहेबांना आम्ही काय सांगावे! दुरुस्ती अशी : 'गरीब उलटला की वाहते पाणी (२)'. दीनचा दुसरा अर्थ धर्म. दुसऱ्या एका वाचकाने तो अर्थ धरून हेच कोडे पाठवले आहे. अक्षरे बरोबर बसतात, पण दीन उलटा फिरवण्याचे वाक्य आम्ही छापणार नाही. ते स्वतःच समजून घेतील.

मालेगावच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याचे सूत्र : 'फाटक मळलेले, आत लपले फूल (३)'. उत्तर त्या वाक्यातच उघड्यावर पडले आहे. 'फाटक'मधला शेवटचा क, 'मळलेले'मधली पहिली दोन अक्षरे म आणि ळ. कमळ! एकही शब्द फुकट नाही. शाळेच्या फाटकापाशी उभे असताना सुचले असे तो लिहितो. या महिन्याची शाबासकी त्याला. एवढे सरळ सूत्र आम्हालाही पन्नास वर्षांत फार वेळा जमलेले नाही.

पुण्याच्या एका वाचकाने 'कलम' या शब्दासाठी पाठवले आहे : 'लेखणी, आंब्याचे झाड आणि कायद्याचा भाग, तिघांना एकच नाव (३)'. यात अक्षरांचा खेळ नाही, तीन अर्थ आहेत. तेही नियमात बसते, कारण पुरावे दोनाऐवजी तीन झाले. फक्त 'आंब्याचे झाड' हे सैल आहे. कलम पेरूचेही असते. 'बांधलेले रोप' म्हणा, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.

शेवटी एका रचनाकाराची आठवण. इंग्लंडच्या 'गार्डियन'मध्ये 'अराउकारिया' या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे पाद्री होते. 1958 पासून त्यांची कोडी तिथे येत होती. 2013 च्या जानेवारीत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे एक कोडे छापून आले. त्यावरच्या सूचनेत एवढेच लिहिले होते की अराउकारियाला अमुक क्रमांकाचे आहे आणि त्यावर अमुक क्रमांकाचा उपचार चालू आहे. वाचकांनी घरे भरली तेव्हा शब्द निघाले : कर्करोग, अन्ननलिका, आणि वेदना कमी करण्यापुरती शुश्रूषा. ज्या वाचकांना त्यांनी आयुष्यभर चकवले, त्यांच्यापासून त्यांनी शेवटी काही लपवले नाही. ज्या भाषेत त्यांचे एकमेकांशी बोलणे चाले, त्याच भाषेत सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले.

आमचे अब्बाही आता नाहीत, अम्मीही नाहीत. रेशनची ती पावती आमच्या जुन्या शब्दकोशात 'म'च्या पानात ठेवलेली आहे.

पुढच्या महिन्यासाठी तीन सूत्रे देतो. उत्तराबरोबर कारणही लिहा. कारणाशिवाय आलेले उत्तर बरोबर असले तरी आम्ही धरणार नाही.

१. सारात बुडाला गंधार, झाला समुद्र (३)

२. पुढून वाचा, मागून वाचा, जगणे पुन्हा नव्याने (५)

३. वहीचा एक भाग खैरातीपुढे ठेवा, जेवणानंतर हाच डबा उघडतो (४)

फी नाही, बक्षीसही नाही. ज्यांची कारणे पटतील त्यांची सूत्रे याच पानावर येतील. आजोबांना बरोबर घ्यायला हरकत नाही.